दारापुढचा बारीक पाईप

रवि. १२ फेब्रुवारी १९६१, अमरावती

सुट्टी. स्वयंपाकघराची लॅब केली. गुरुवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन. नववीच्या मुलींच्या हाती नळ्या दिल्या असत्या तर प्रदर्शनात नुसत्या काचाच मांडाव्या लागल्या असत्या, म्हणून मीच बसले. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून मधोमध बारीक ओढली. दोन फुटल्या, तिसरी जमली. तिच्यावर तीन उभ्या नळ्या: दोन कडेच्या रुंद भागांवर, एक मधल्या बारीक भागावर. नीळ घातलेलं पाणी सोडलं. कडेच्या दोन्हींत चांगलं वर चढलं, मधलीत पार खाली. मी टाळी वाजवली. मंजूला वाटलं आईला वेड लागलं. सात वर्षांच्या पोरीला आईबद्दल एवढा अंदाज पुरे.

कुसुम शेजारी दाण्याचं कूट करत बसली होती. तिचा हात थांबला.

"काहून गं, मधातल्या नळीत पाणी काहून नाई चढत? तिथून तं किती जोरानं धावून राहिलं!"

म्हटलं, धावतंय म्हणूनच चढत नाही. पाण्याची ऐपत एकच. रुंद जागी ते सावकाश जातं, मग आजूबाजूला रेटायला ताकद उरते. बारीक जागेतून तेवढंच पाणी पुढं न्यायचं तर धावावं लागतं, आणि सगळी ताकद धावण्यातच जाते. वेग वाढला की दाब कमी.

मधल्या नळीशी वाकून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या मधातल्या जागी कोणाचं घर असलं, तं त्याच्या नळाले पाणीच नाई येनार."

शाब्बास! एवढी वर्षं शिकवतेय, एका मुलीनं असं विचारलं नाही. अकोल्याला आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हाही गणित तिचंच चांगलं. मॅट्रिकला लग्न झालं नि वकिलाच्या घरी दाण्याचं कूट हाती आलं.

हे पलीकडे पेपर वाचत होते. तिथूनच, "अरुंद जागी वेग वाढतो. बरोबर?" म्हटलं, "हो, पण पुढचं ऐका की." तोवर नवरोबा पान उलटून मोकळे.

गुरु. १६ फेब्रु.

प्रदर्शन झालं. पाहुणे म्हणून कुणी निवृत्त प्राध्यापक. माझ्या नळीपाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, मधे कुठे तरी गळतंय तुमचं." मी समजावून सांगितलं. त्यावर हसून, "अहो, बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरा, मग सांगा जोर वाढतो की कमी होतो!" सगळे हसले. आता ह्यांना काय सांगणार? अंगठ्याच्या मागं पाणी अडून असतं, तिथं दाब. अंगठ्याच्या फटीतून सुटलं की वेग. लोक दोन्हीला एकच 'जोर' म्हणतात नि मोकळे होतात.

पहिलं बक्षीस मातीच्या ज्वालामुखीला. धूर येत होता ना.

कुसुम तिच्या मुलीला, शरूला, घेऊन आली होती. मी पाहुण्यांच्या मागं असताना कुसुमनं दोन बायांना माझी नळी समजावून दिली. चोरून ऐकलं. अगदी बरोबर सांगत होती, माझ्यापेक्षा सोपं. घरी येताना मी तसं म्हटलं तर लाजली.

शनि. ४ मार्च

सकाळीच दारापुढं तळं. कुसुमकडे विटा घेऊन चाललेली बैलगाडी अडकली, चाक रुतलं, आणि खालचा पाईप फुटला. नानांनी, म्हणजे कु.च्या वकील नवऱ्यानं, बागेत मोठा हौद बांधायला काढलाय.

राजापेठेच्या पलीकडं हे प्लॉट घेतले तेव्हा सगळ्यांनी मिळून विहीर खणली, इंजिन बसवलं, चढावर टाकी बांधली. टाकीतून एकच पाईप उतारानं सगळ्या घरांवरून खाली जातो. टाकीला लागून पहिलं घर आमचं. सगळ्यांत खाली, शेवटचं, कुसुमचं. पाण्याच्या समितीचे सेक्रेटरी हे. बिनपगारी मान, त्यामुळे हे फार खूष.

नवीन पाईप अकोल्याहून मागवायचं ठरलं. मीही उद्या अकोल्याला. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन.

सोम. १३ मार्च

परत आले. मूर्तिजापूरला गाडी उभी राहिली ती राहिलीच. बाबा बरे. पट्टी असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी भांडले, म्हणजे बरेच.

इथं सगळं उरकलेलं. पाईप बसला, माती बुजवली, वर पाणी मारून धोपटली. जो तो नानांचं नाव घेतोय. काहीतरी कमी पडलं तर म्हणे त्यांनी घरचा पाईप दिला, पैसाही घेतला नाही.

कु.नं माझं घर झाडून, माठ भरून ठेवला होता. पिठलं-भाकरी झाकून. सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं.

मंगळ. २८ मार्च

नळाला पाणी नाही. म्हणजे येतं, इंजिन सुरू झालं की थोडं येतं, मग करंगळीएवढी धार, मग नुसता फुस्स आवाज. आठवडाभर हेच.

मंजूनं नळाच्या तोंडावर तळहात ठेवला नि ओरडली, "आई, नळ हात ओढतो!" मी ठेवून पाहिला. खरंच ओढतो. तळहातावर गोल वळ उठला. पाणी देण्याऐवजी नळ आत श्वास घेतोय. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली गेल्याशिवाय असं होणार नाही. आणि तसं व्हायचं तर आतलं पाणी फार वेगानं धावत असलं पाहिजे. काहून? पाईप तर नवीन, चांगला रुंद घातलाय म्हणाले.

ह्यांना सांगितलं. "वॉशर गेला असेल."

शुक्र. ७ एप्रिल

शेंडेकाका बघून गेले. ते समितीत सगळ्यांत वडील. म्हणाले, "टाकीच्या उशाशी घर तुमचं. पाणी पहिले तुमच्याच दारावरून जाते, मंग आमच्याकडं येते. तुमाले नाही म्हणता, आन वकिलाकडं पाहा, शेवटलं घर, धो धो पाणी. पाईपात जोर नसता तं तिथवर गेलं असतं काय?" हे मान हलवत होते. मी म्हटलं, तिकडं धो धो जातंय म्हणूनच इथं नाही. शेंडेकाकांनी मंजूच्या डोक्यावर हात फिरवला नि निघून गेले.

वापरायचं पाणी नाल्याकडच्या विहिरीवरून आणते, शाळेच्या आधी. पाणी गढूळ आहे. नळ उघडाच ठेवलाय, तोंडाला रबरी नळी लावून घंगाळात सोडलीय. दिवसातून केव्हा थोडं आलंच तर वाया नको.

प्यायचं कु. पाठवते. रोज सकाळी तिची मोलकरीण सखू दोन घागरी आणून ठेवते. "माह्या हौदातलं ने की, परकी हायेस का तू?" डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सोम. १७ एप्रिल

मंजूला ताप. ऊन्ह लागलं असेल. कांद्याचा रस, कपाळावर पट्ट्या. कु. दुपारभर बसली तिच्याजवळ. मी शाळेत पेपर तपासायला.

शनि. २२ एप्रिल

विषमज्वर.

डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? म्हटलं, शेजारचं, नळाचंच. आणि वापरायला नाल्याकडच्या विहिरीचं. पोरीनं ते प्यायलं असेल का? पोरगी उन्हातून आल्यावर कुठल्या भांड्यात तोंड घालते कुणाला ठाऊक. डॉक्टरांनी बघितलं तसं माझ्याकडं. कॅप्सूल सुरू. सगळं उकळायचं, कपडे वेगळे भिजवायचे.

नळाला पाणी असतं तर ती विहीर घरात आलीच नसती.

रवि. ३० एप्रिल

ताप उतरणीला. पोरगी पाप्याचं पितर झालीय पण आज पेज मागून घेतली.

महादेव मिस्त्री वॉशर बदलायला आला. नळ खोलून बघितला, परत बसवला.

"वाशरले काई नाई झालं बाई. तुमच्या दारापुढचा पाईपच बारीक हाये नं. टाकीपासून मोठा, तुमच्या दारापुढं बारीक, मंग पुढं पुन्हा मोठा."

बारीक कुणी घातला?

"म्याच. अकोल्याहून आला थो मोठाच होता. पन थो वकीलसायबाच्या हौदाले लावला, आन त्यायच्या बगिच्यातला जुना बारीक इथं टाकला. सायबानं सांगतलं तसं केलं."

"वकीलसाहेबांनी?"

"नाई. तुमच्या सायबानं."

ओट्यावर बसून राहिले. स्वयंपाकघरात मी केलेली ती काचेची नळी माझ्याच दारात पुरली, आणि मधल्या उभ्या नळीच्या जागी माझं घर. खाली हौदाला मोठं तोंड, तिथं पाणी ओढलं जातं. वर माझ्यापुढं चिंचोळा तुकडा, त्यातून ते पळत सुटतं. माझा नळ काय देणार? आणखी आतच ओढणार.

हे आल्यावर विचारलं. आधी, "कुठला पाईप?" मग टोपी काढून बसले. नानांना उन्हाळ्याआधी हौद भरायचा होता. त्यांनी शब्द टाकला, भीड पडली, नाही म्हणता आलं नाही. वर म्हणतात, "तूच म्हणालीस ना, अरुंद जागी वेग वाढतो? मला वाटलं, उलट बरं, पाणी जोरानं येईल आपल्याकडे."

हसावं की रडावं! चौदा वर्षं संसार केला नि ह्यांनी माझं एक वाक्य लक्षात ठेवलं, तेही अर्धं.

"बरं, ते तेव्हा. मग महिनाभर मी विहिरीवर जात होते तेव्हा तोंडात काय होतं?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू नानांशी भांडली असतीस."

वॉशर म्हणाले होते. सगळं ठाऊक असून माझ्या तोंडावर वॉशर म्हणाले. मंजूच्या उशाशी बसून पट्ट्या बदलत होते तेव्हाही बोलले नाहीत. भांडी आपटली मी आज. आपटणारच.

मंगळ. २ मे

आज पुन्हा म्हटलं, निदान मी अकोल्याहून येईपर्यंत थांबायचं होतं, मी बघितलं असतं. हे खुंटीवरचा सदरा काढत सहज बोलून गेले:

"थांबणारच होतो गं. कुसुमवहिनीच म्हणाल्या, लीला यायच्या आत उरकून घ्या भाऊजी."

पुढं काही ऐकू आलं नाही.

ह्यांनी अर्धं ऐकलं होतं. तिनं पुरं ऐकलं होतं. ऐकलं, समजलं, दोन बायांना शिकवलंसुद्धा. मधल्या जागी घर असेल तर पाणी येणार नाही, हे तिचंच वाक्य. माझं नव्हे.

मी यायच्या आत. आणि आले तेव्हा पिठलं-भाकरी.

त्या दोन घागरी! रोज सकाळी मी तिचे उपकार मानत होते. माझ्याच नळाचं पाणी मला घागरीनं पाठवत होती.

ह्यांच्यावर ओरडता येतं, भांडी आपटता येतात. कु.वर काय करायचं तेच कळत नाही. सखू आली तिला म्हटलं, घागरी परत ने. बाईंना सांग, गरज नाही.

शुक्र. ५ मे

कु. आली नाही. का नाही, असं विचारायलाही नाही. म्हणजे ओळखलं.

शरू मात्र आली, मंजूला कैऱ्या द्यायच्या म्हणून. दारातूनच परत पाठवली. आजार आहे म्हणून सांगितलं, ते खरंच होतं, पण आवाज नको तसा लागला. पोर हिरमुसली. तिचा काय दोष.

रवि. ७ मे

समितीची बैठक, शेंडेकाकांच्या अंगणात. मीच मागितली होती. काचेची नळी घेऊन गेले. चटईवर मांडली, निळीचं पाणी सोडलं. सगळ्यांनी बघितलं. मधल्या नळीत पाणी नाही, सगळ्यांना दिसलं.

शेंडेकाका: "पन बाई, हे काचेचं. आपला पाईप लोखंडाचा."

कुणीतरी: "शेवटच्या घरानं घेतलं तर पहिल्याचं कसं कमी होईल? पाणी मागं थोडंच जातं?"

माझं डोकं फिरत चाललं होतं. बायका पलीकडं ओसरीवर. कु. खांबाशी. मी तिच्याकडं वळून म्हटलं, "कुसुम, माझ्या स्वयंपाकघरात ही नळी बघून तू काय म्हणालीस ते सांग सगळ्यांना. तुझ्या तोंडानं सांग. मग मला काही नको."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. नानाही.

"मला नाही बाई आठवत. मला काय कळतं फिजिक्समधलं?"

माझ्याशी बोलते तसं नाही बोलली. परक्या पाहुण्यांसमोर बोलते तसं, गोड, मऊ. आणि पदर नीट केला.

नाना म्हणाले, "वहिनी, मुलीच्या आजारानं तुमचं मन थाऱ्यावर नाही, समजू शकतो आम्ही." सगळ्यांनी चुकचुक केलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. सेक्रेटरीसाहेब चटईची काडी उपटत होते. एकच शब्द बोलायचा होता: हो, मीच बारीक पाईप घालायला सांगितला. नाही बोलले.

ठराव: पावसाळ्यानंतर बघू.

नळी उचलून घरी आणली. वाटेत फुटली नाही.

सोम. ८ मे

ह्यांचं ताट वाढून ठेवलं नि मंजूपाशी बसले. म्हणाले, "लोकांसमोर नानांना खोटं कसं पाडणार?" मला खोटं पाडता आलं. ते सोपं गेलं.

एकटीलाच बरोबर कळत असलं तर ते बरोबर असून काय उपयोग? मुलींना काय सांगू जूनमध्ये, हा धडा गाळला म्हणून?

बुध. १० मे

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी मंजूची चादर नि कपडे घंगाळात भिजवले. साबणाचं कढत पाणी. मोठं भांडं एकच, आणि नळाची रबरी नळी त्यातच सोडलेली असते. डाळ निवडून परत आले तर पाणी खाली गेलेलं. घंगाळाला भोक नाही, फरशी कोरडी. वाकून बघितलं. साबणाचा फेस रबरी नळीच्या तोंडाशी गोळा होत होता आणि हळूहळू आत जात होता.

नळ पीत होता. मंजूच्या कपड्यांचं पाणी.

नळी उपटून फेकली, नळ बंद केला, वर चिंधी गुंडाळून बांधला. मग कळलं. किती दिवस हे चाललं असेल? कपडे रोज त्याच घंगाळात. आत गेलेलं पाणी कुठं जातं? खाली. उतारानं. सगळ्या घरांवरून, आणि सगळ्यांत जास्त तिकडं, जिथं मोठं तोंड उघडं आहे. हौदात. शरू त्या हौदाच्या कट्ट्यावर बसून ओंजळीनं पाणी पिते.

खोटं कशाला लिहू? एक क्षण वाटलं, जाऊ दे. त्यांना काय कळतं फिजिक्समधलं. तसं वाटलं आणि त्याच पायी उठले.

घरोघर गेले. पाणी उकळून प्या, साठवलेलं फेकून द्या, माझ्या नळातून आजाराचं पाणी मागं पाईपात गेलंय. प्रत्येक घरी एकच प्रश्न. "नळातून पाणी मागं कसं जाईल?" शेंडेकाकू हसल्या. एकीनं तर मला बसवून सरबत दिलं, म्हणजे काय समजायचं ते समजले. तरी सांगत गेले. काहींनी उकळतो म्हटलं, माझी समजूत घालायला.

शेवटचं घर. कु. दारातच होती, तांदूळ पाखडत. मला बघून सूप खाली ठेवलं. वाटलं भांडायला आलेय. मी तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत: रबरी नळी घंगाळात होती, त्यात मंजूचे कपडे होते, नळ ओढत होता.

तिनं विचारलं नाही.

पाणी मागं कसं जाईल, हे तिनं विचारलं नाही. एवढ्या घरांत ही एकटीच. तोंड पांढरं पडलं, सूप तसंच टाकून "शरू! शरू!" करत बागेकडं धावली. मी फाटकापर्यंत पोचले नसेन तोवर बादल्यांचा आवाज. हौद उपसायला लागली होती, स्वतः, पदर खोचून. सखूलाही हाक मारली नाही.

एवढं कळतं तिला. न सांगता, एका वाक्यात. बैठकीत माझ्या तोंडाकडं बघून आठवत नाही म्हणाली तेव्हाही असंच सगळं कळत होतं.

रस्त्यात रडले. लोकांनी बघितलं असेल, बघू देत.

शनि. १३ मे

नळाला पाणी! चिंधी सोडून बघितलं तर चांगली धार. म्हणजे खालचं मोठं तोंड बंद आहे. पाईप बारीक असला तरी खाली कुणी ओढत नसलं की पाणी सावकाश येतं, आणि मग मलाही मिळतं.

हे म्हणाले, "बघ, झालं ना नीट आपोआप." मी घागरी भरून घेतल्या.

मंगळ. १६ मे

पुन्हा फुस्स. हात ओढतो.

हौद चालू झाला. ऊन्ह वाढलं, मोगरा सुकत असेल. सखू नाल्यावर भेटली, म्हणाली, बाई पाणी उकळून उकळून गार करून राहिल्या, पन सायबानं बगिच्याले पाणी सोडा म्हनून सांगतलं. म्हणजे घरातल्यांपुरतं उकळायचं आणि वरच्या घराचं पाणी ओढायचं ते ओढायचंच. नाना मालक, ती बोलणार नाही. मी दुसऱ्यांदा फसले. तीन दिवस मनात धरून बसले होते की आता तरी ती ह्या बाजूला येईल.

नळाला लाकडाची खुंटी ठोकून घेतली, महादेवाकडून. देईना तर न देवो, पण घेऊही नये कुणाचं.

ह्यांनी स्वतः दोन बादल्या आणल्या नाल्याकडच्या विहिरीवरून. प्रथमच. आणि स्वतःच उकळत ठेवल्या. मी बघितलं. उद्या नानांकडे जाऊन पाईप बदलायचं सांगतो म्हणाले. बघू जातात का.

शनि. २० मे

गेले नाहीत. "नाना दर्यापूरला गेलेत, केस आहे." असेल.

मंजू आज अंगणभर चालली. पाय काड्यांसारखे, पण तोंड पूर्ववत सुरू.

सोम. २२ मे

दुपारी फाटक वाजलं. कु.

अंगणातच उभी राहिली, सावलीतही आली नाही. चपला नव्हत्या पायात, ह्या उन्हात.

"शरूले दोन दिवस झाले ताप हाये. मंजूचा पहिल्यांदा कसा होता गं? सकाळी उतरत होता काय?"

सांगितलं. सकाळी थोडा कमी, संध्याकाळी चढलेला, रोज आदल्या दिवसाहून जरा वर. जीभ पांढरी, डोकं दुखतं म्हणून रडणं. चावून खायचं काही द्यायचं नाही. उन्हाचा म्हणून वाट बघत बसू नकोस, मी बसले होते. आजच डॉक्टरांकडे ने, रक्त बघायला सांग. साधाही असेल. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. डोळे सुजलेले.

उकळलेलंच देत होतीस ना, विचारलं.

"त्या दिवसापासून उकळलेलंच. त्याच्या आधीचं..."

त्याच्या आधीचं कोण सांगणार. मंजूनं आतून हाक मारली, "कुसुममावशी आली?" कु.नं ओठ दाबून धरले.

जायला वळली, फाटकापाशी पुन्हा फिरली.

"लीला, त्या दिवशी बैठकीत मले..."

म्हटलं, "आधी पोरीजवळ जाय."

गेली. लगबगीनं, जवळजवळ पळत, उतारानं. डॉक्टरांना सांगायला मी ह्यांना सायकलवरून पाठवलं, ते अजून आलेले नाहीत.

वाक्य पुरं करायला ती परत येईल. आली तर ऐकून घ्यायचं का, ते माझं अजून ठरत नाही.